रिकाम्या गाळ्याची सिद्धता

सुगंधा,

काल तुझ्या दहाव्याला पूर्ण्याला आले होते, आणि तिथेही मला तुझा हेवाच वाटला. आधी हे सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहिणं सोपं जाईल. मांडवात बसायला जागा नव्हती. दापोड्यापर्यंतच्या गोदामांचे मुकादम आले होते, ट्रान्सपोर्टवाले आले होते, रस्त्याच्या कडेला ट्रक लावून ड्रायव्हर डोक्याला रुमाल बांधून उभे होते. आणि माझे बाबा, वय वर्षं ऐंशी, आई गेली तेव्हाही ज्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही, ते प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून सगळ्यांदेखत रडत होते. मी त्यांच्या हातात पाण्याचा ग्लास दिला आणि मनात म्हटलं, माझ्यासाठी हे इतके रडले असते का? बघ, चाळिशीला टेकले तरी माझी खोड गेलेली नाही.

कावीळ उलटल्याचं निमित्त, आणि तीन आठवड्यांत सगळं आटोपलं. लोक म्हणत होते, हे काय जाण्याचं वय होतं? शाळेतही तू घंटा व्हायच्या आधी पेपर संपवून वही पालथी घालून बसायचीस आणि बाकी आम्ही घामाघूम. घाई तुला पहिल्यापासून.

आठवीत तू पूर्ण्याहून टेमघरला सायकलवरून आमच्या घरी यायला लागलीस, बाबांच्या शिकवणीला. शेजारच्या शेडमध्ये लूमची खटखट चालू असायची, त्यामुळे बाबांना ओरडून शिकवायची सवय, आणि तुला ओरडून उत्तर द्यायची. बाबांची एक जाड वही होती. एखादं अवघड गणित सुटलं की ते त्या वहीत सुवाच्य अक्षरात उतरवायचं आणि खाली दोन नावं घालायची. एकापुढे ‘सोडवले’, दुसऱ्यापुढे ‘तपासले’. ज्याने सोडवलं त्याने तपासायचं नाही, हा बाबांचा दंडक. एकट्याने केलेलं गणित अर्धंच असतं, असं ते म्हणायचे. पहिल्या महिन्यापासून पहिल्या जागी तुझं नाव आणि दुसऱ्या जागी माझं, ते दहावीपर्यंत. घर माझं, बाप माझा, वहीला कव्हर मी घातलेलं, आणि वरची जागा तुझी.

मी तपासायची ती दातओठ खाऊन. तुझी चूक सापडावी म्हणून एकेका पायरीवर बोट ठेवून बसायची. कधीकधी सापडायचीही. मग तू म्हणायचीस, “बरी सापडली गो निले!” आणि नव्या हुरूपाने पुन्हा सोडवायला घ्यायचीस. चूक माझ्या हाती लागायची आणि आनंद व्हायचा तुला. माझ्या वाट्याला काय आलं, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

पुढे बी.एस्सी.ला कॉलेजात तू पहिली, मी दुसरी. मग मी एम.एस्सी.ला मुंबईला गेले आणि तू गावातल्या गावात लग्न करून बसलीस. मला वाटलं, सुटले. खरंच वाटलं, लपवायचं काय आता? आता निदान आपल्या दोघींमध्ये तुलनाच उरली नाही. बाबा मात्र तीन दिवस जेवताना बोलले नाहीत. मी तुला विचारलं होतं, पुढे का शिकत नाहीस म्हणून. मला वाटलं होतं, घरच्यांचं नाव सांगशील, पाणी काढशील डोळ्यांतून. तू म्हणालीस, “मना न्हाय जमत गो, एकच गोष्ट वर्षभर चघळाला. तू चघळ, मना सांग कशी लागते ते.” ज्या गोष्टीसाठी मी जीव टाकत होते, ती तुला नकोच होती. अशा माणसाचा हेवा फार वाईट असतो. त्याला हरवताही येत नाही.

मग दोन हजार सालानंतर पूर्ण्याची भातशेती बघता बघता गोदामांखाली गेली. तुझ्या सासऱ्यांनी रस्त्यालगतच्या जमिनीवर अकरा गाळे काढले, तुझे यजमान, बाळाराम भाऊजी, ट्रकांमागे धावायला लागले आणि ऑफिसातल्या खुर्चीवर तू बसलीस. कुठल्या गाळ्यात कुठल्या पार्टीचा माल, कुठला ट्रक कुठे लावायचा, गेटवर पावती कुणाच्या नावाची द्यायची, हे सगळं करणारा प्रोग्रॅम तू स्वतः लिहिलास, पुस्तक उघडं ठेवून, भात शिजता शिजता. चालायचा, पण बैलगाडीच्या वेगाने. आणि नेमका तोच मला हवा होता.

कारण त्या वेळी कॉलेजात शिकवता शिकवता माझी पीएच.डी. चालली होती आणि मला खराखुरा, लांबलचक, गबाळा प्रोग्रॅम पाहिजे होता. तू तेव्हा विचारलं होतंस, “तू करतेस तरी काय?” मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, सार्विक बीजगणित. तू नुसती बघत राहिलीस. मग मला गाळ्याच्या भाषेत बोलावं लागलं. म्हटलं, शटर लावलं आणि पुन्हा लावलं, तरी ते एकदाच लावल्यासारखं, बरोबर? हा झाला एक नियम. असे नियम लिहून काढायचे. शटर कुठलं, गाव कुठलं, याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही. हे नियम पाळणारी जगातली यच्चयावत गोदामं एकदम हाताशी धरायची. मग माझा प्रोग्रॅम तुझ्या प्रोग्रॅमकडे बघतो, नियम लावून लावून लांब तुकड्याच्या जागी आखूड घालतो, आणि कुठल्या पायरीला कुठला नियम लावला ते छापून देतो. ती छापील यादी म्हणजे सिद्धता. आखूड प्रोग्रॅम लांबड्याइतकंच आणि लांबड्यासारखंच काम करतो, याची मशीनने लिहिलेली हमी.

तू एका दमात म्हणालीस, “म्हंजे मशीनच सोडवणार, मशीनच लिवणार. वाचणार कोण?” मी म्हटलं, तपासायलाही दुसरा प्रोग्रॅम असतो. “मग मास्तरांच्या वहीत नाव कुणाचं घालाचं?” हा आपला वाद तेव्हा सुरू झाला, आणि तो मिटला नाही. तुझं म्हणणं, माणसाने न वाचलेली सिद्धता ही नुसती कागदाची रद्दी. माझं म्हणणं, चाळीस पानं वाचण्याइतका वेळ कुणाला आहे. तू म्हणायचीस, “मना हाय.” आणि खरंच होता तुला! गेटवर तीन ट्रक हॉर्न वाजवताहेत, पोरीची शाळा सुटायची वेळ झालीय, आणि तू माझी चाळीस पानं मांडीवर घेऊन बोट फिरवत बसलेली.

आपल्या भिवंडीत तेव्हा दिवसाचे कितीतरी तास लाइट नसायची. माझा प्रोग्रॅम एकदा सुरू केला की सहा-सहा तास चालायचा आणि मध्येच लाइट गेली की पहिल्यापासून. तुझ्याकडे जनरेटर होता. म्हणून पाच महिने, कॉलेज सुटलं की मी तुझ्या ऑफिसात. चहा तू द्यायचीस, पंखा माझ्याकडे वळवायचीस, आणि मी तुझ्या टेबलावर, तुझ्या मशीनवर, तुझा प्रोग्रॅम कसा सुमार आहे ते सिद्ध करायची. सुखच होतं ते. अगदी खरं सांगते, तेवढे पाच महिने मला तुझा राग आला नाही.

मग ती सात नंबरची गोष्ट झाली.

सात आणि आठ हे दोन्ही गाळे तेव्हा एकाच कापडवाल्या पार्टीकडे होते. आठमध्ये न मावलेल्या गाठी सातमध्ये. मी नियम लिहिले ते समोर दिसेल तसे. सातमधली कोणतीही गाठ घ्या, तिच्यावरचा मार्का हा सातच्या पार्टीचा. सातमधली कोणतीही गाठ घ्या, तिच्यावरचा मार्का हा आठच्या पार्टीचा. मशीनने दोन्ही जोडले आणि निष्कर्ष काढला, सातची पार्टी तीच आठची पार्टी. मग सातची चौकशी वेगळी करायची गरजच काय? ती उडवली, प्रोग्रॅम आखूड झाला. मी खूश. तू छापील पानावर बोट ठेवलंस.

“निले, ही गाठ मधेच आली न् मधेच गेली. आली कुठून?”

“कोणतीही गाठ गं. धरून चालायची.”

“आणि गाळा रिकामा असंल तर? धरशील कुणाला?”

मी हसले. माझं ते हसणं मला अजून ऐकू येतं. मी म्हटलं, “रिकाम्या गाळ्याची चौकशी कोण करतंय?”

“रिकाम्या गाळ्याचीच तर पार्टी चौकशी करते गो,” तू म्हणालीस. मग तू गेटवर गेलीस, आणि मी तो प्रश्न सोडून दिला. सोडून दिला कारण तो तुझा होता. दुसऱ्या कुणी विचारला असता तर मी त्यावर रात्रभर डोकं खाजवलं असतं. आयुष्यभर तपासनीस म्हणून मिरवले, आणि जिथे तपासायचं तिथेच नाकाने कांदे सोलत बसले.

पंधरवड्यात कापडवाल्याने सात रिकामा केला. नवी पार्टी आली, प्लॅस्टिकच्या बादल्यांची. पहिले दोन ट्रक लागले तेव्हा सातमध्ये एकही डाग, म्हणजे मालाचा एकही नग, नव्हता. माझ्या आखूड, सिद्ध झालेल्या प्रोग्रॅमने सातसाठी पावती छापली ती आठच्या पार्टीच्या नावाने. हमालांनी पावती बघून माल आठमध्ये उतरवला. तुझा फोन कॉलेजच्या स्टाफरूममध्ये आला, सगळे ऐकत होते.

“निले, तुझ्या सिद्धतेने बादल्या कापडात घातल्या!”

आणि तू हसत होतीस. भर उन्हात दोन ट्रक माल परत हलवायचा होता, सासऱ्यांची बोलणी खायची होती, तरी हसत होतीस. मी मात्र ते छापील पान पुन्हा काढून बघितलं. चार वर्षांच्या कामाच्या पायालाच भोक होतं. प्रोग्रॅम चुकला असता तर दुरुस्त करता येतो. माझी सिद्धता लिहायची पद्धतच चुकली होती. नियम खरे, जोडणी खरी, आणि निष्कर्ष खोटा.

संध्याकाळी मी तोंड लपवत आले. तू ओरडली नाहीस. लल्लन मुकादमाला हाक मारलीस आणि म्हणालीस, “सकाळी शटर खोलताना काय करता ते मॅडमना दाखवा.” लल्लन लाजला. मग त्याने दाखवलं. रोज सकाळी तो एकेक शटर वर करतो, आत जाऊन एका डागाला हात लावतो आणि मोठ्याने म्हणतो, “एक, चालू.” पुढचा गाळा. हात. “दो, चालू.” गाळा रिकामा असला की काही न बोलता पुढे. मी विचारलं, रिकाम्यात का नाही बोलत?

“मैडम, हाथ किस पे रखूँ?” तो म्हणाला. “बिना हाथ लगाए बोलना नहीं, ये बुढ़ऊ का नियम है.” बुढ़ऊ म्हणजे तुझे सासरे.

तू माझ्या पानाच्या कडेला पेन्सिलीने एक उभी रेघ मारलीस. “इथे हजेरी लिव. प्रत्येक ओळीला कोण कोण हजर धरलंय ते. गाठ धरलीस, तर गाठीचं नाव इथे. मग ती ओळीतून गेली तरी इथनं जाणार न्हाय. खोडाचं असंल, तर त्या गाळ्यातल्या एका तरी गाठीला हात लावून दाखव. हात न्हाय लावला, तर नाव तसंच खाली खाली न्याचं, शेवटच्या ओळीपर्यंत.”

एवढंच. चहा थंड व्हायच्या आत तू ते बोललीस आणि जनरेटरमध्ये डिझेल आहे का ते बघायला उठलीस. मी त्या पेन्सिलीच्या रेघेकडे बघत बसले. मला आनंद व्हायला हवा होता, माझी पीएच.डी. वाचली होती. मला रडू आलं ते रागाने. हे मला का सुचलं नाही? मी चार वर्षं त्यात होते. तू पाच महिने चहा देत होतीस.

पुढचे सात महिने मी ती रेघ तपासली. त्या हजेरीने मशीन कधीही खोटं सिद्ध करणार नाही, आणि जे खरं आहे ते कधीही सुटणार नाही, या दोन्ही गोष्टी मी सिद्ध केल्या. अवघड होतं ते, सुगंधा. तुझ्याच्याने झालं नसतं, तू दुसऱ्या आठवड्यात कंटाळली असतीस. पण तो नियम होता तुझा.

प्रबंधाच्या आभारात मी काय लिहिलं ते तुला पाठ होतं. विभागप्रमुखांचे आभार, ग्रंथपालांचे आभार, बाबांचे आभार, आणि शेवटून दुसऱ्या ओळीत, ‘भारनियमनाच्या काळात जनरेटरची सोय करून दिल्याबद्दल सौ. सुगंधा यांचे आभार.’ तू ते वाचून खो खो हसलीस. “डिझेल घालणारा लल्लन राहिला की गो!” मीही हसले, आणि हसण्यावारी गेलं म्हणून सुटकेचा श्वास टाकला.

व्हायव्हाला तूच मला जीपमधून मुंबईला नेलंस. पेढ्यांचा बॉक्स मांडीवर घेऊन मागच्या बाकावर बसलीस. बाहेरचे परीक्षक म्हातारे होते, मऊ बोलायचे. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, “बाकी ठीकच आहे. पण ही हजेरी तुम्हाला कुठून मिळाली?”

मी म्हटलं, “मला सुचली.”

दोन शब्द. बोलताना मी तुझ्याकडे बघितलं नाही. मग टाळ्या वाजल्या, आणि सगळ्यांत आधी वाजल्या त्या मागच्या बाकावरून. परत येताना तू ठाण्यापर्यंत गाणी म्हणत होतीस. तुझ्या मनात काय होतं, ते मी विचारलं नाही. तूही काही बोलली नाहीस. बोलली असतीस, भांडली असतीस, तर मी उलट भांडले असते, आणि मोकळी झाले असते.

याहून वाईट मी तीन वर्षांनी वागले. गणिताच्या नियतकालिकांचे जुने अंक चाळताना मला सापडलं की तो नियम आधीच कुणी तरी लिहून ठेवला होता, परदेशात, कितीतरी वर्षांपूर्वी. रिकाम्या गाळ्याची अडचणही त्यांना दिसली होती आणि उपायही तोच. त्या परीक्षकांना ते ठाऊक असावं, असं आता वाटतं. बिचारे मला खरं बोलायची संधी देत होते. मला लाज वाटायला हवी होती. पण मला काय वाटलं सांगू? मी रिक्षा करून पळत तुझ्याकडे आले. मला तुला सांगायचं होतं की तुझा नियम तुझा नाही. त्या आनंदात मी चप्पल न काढता ऑफिसात शिरले.

तू कागद हातात घेतलास, वाचलास, आणि तुझा चेहरा फुलला. “म्हंजे बरोबर हाय तर!” तू म्हणालीस. “मना इतके दिवस धाकधूक व्हती गो. वाटायचं, कुठे चुकलं असंल तर निलीची डिग्री जायाची.” आणि लल्लनला पेढे आणायला पाठवलंस. मी तिथे बसून तो पेढा खाल्ला. इतका कडू पेढा मी जन्मात खाल्लेला नाही.

दवाखान्यात शेवटची आले ती सांगायचं ठरवूनच आले होते. डोळे पिवळे झाले होते तुझे. उशाशी आपल्या दोघींमधला तोच जुना वाद. “वाचणार कोण, ते तू अजून सांगितलं न्हाय,” तू म्हणालीस. मी म्हटलं, बरी हो, मग सांगते. तुझी जाऊ आली, मोसंबीचा रस आला, नर्स आली. उद्या सांगू म्हणून मी उठले.

काल मांडवात बाळाराम भाऊजी बाबांजवळ येऊन बसले आणि म्हणाले, “मास्तर, ती सगळ्यांना सांगायची, निलीताईंनी एक नियम काढलाय, जगात कुठेपण चालतो. आमच्या गोदामात बसून काढलाय. लई अभिमान व्हता तिला.” आजूबाजूच्या बायांनी माझ्याकडे कौतुकाने बघितलं. तुझ्या दहाव्याला, तुझ्या अंगणात, तुझ्या वाटणीचं कौतुक मला. मी ते घेतलं आणि बाबांना आधार देऊन उठवलं.

रिक्षात बसल्यावर, रस्त्यावर ट्रकांची रांग लागलेली असताना, मी बाबांना सांगितलं. हजेरीचा नियम तुझा म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने. बाबा बाहेर बघत होते.

“ठाऊक आहे,” ते म्हणाले.

“कधीपासून?”

“तुझ्या व्हायव्हाच्या दुसऱ्या दिवशी ती पेढे घेऊन आली होती. म्हणाली, मास्तर, निलीने झकास नियम काढलाय. मला समजावून सांगायला बसली. पाच उदाहरणं दिली, एकाहून एक. नीलू, जो तपासतो त्याला चूक दिसते. उदाहरणं सुचतात ती सोडवणाऱ्याला.”

“मग मला बोलला का नाहीत?”

“तू सांगशील म्हणून थांबलो होतो.” रिक्षा पुढे सरकली तसे ते पुन्हा म्हणाले, “तीही थांबली असेल.”

थांबली होतीस का तू? की तुला खरंच काही वाटलं नव्हतं? हे मला आता कुणीच सांगणार नाही. थांबली असलीस तर मी तुझी अपराधी. आणि काहीच वाटलं नसेल, तर मी आणखीच जळते. एवढं हलकं मन घेऊन माणूस जगतो तरी कसा? मला एक दिवस दिलं असतंस उसनं, बघितलं असतं वागवून.

आज पहाटे मी पूर्ण्याला गेले. लल्लन शटर उघडत होता. एक, चालू. दो, चालू. तुझ्या ऑफिसच्या दाराशी तो थांबला, आत बघितलं, आणि काही न बोलता पुढे गेला. मी खुर्चीला हात लावून बघितला. लाकूड होतं नुसतं. मग मला कळलं, मी कालपासून मनातल्या मनात तुझ्याशी जे बोलते आहे, त्याच्या प्रत्येक ओळीत तुला हजर धरलेलं आहे, आणि हात लावून दाखवायला माझ्याकडे काहीही नाही. तुझ्याच नियमाने तुझं नाव मला खोडता येत नाही. आता ते मला खाली खाली नेत राहावं लागणार, शेवटच्या ओळीपर्यंत.

घरी येऊन बाबांच्या कपाटातली प्रबंधाची प्रत काढली. उद्या कॉलेजच्या आणि परवा विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या प्रतीत हेच करणार आहे, अर्ज द्यावा लागला तरी देईन. हजेरीचं प्रकरण उघडलं. शेवटच्या पानाखाली बोटभर जागा होती. बाबा भिंग घेऊन शेजारी बसले. आणि सुगंधा, पेन हातात घेतलं तेव्हाही ते वरच्या जागी माझंच नाव लिहायला निघालं होतं गो. खोटं कशाला बोलू? मी हात आवरला. तुझ्या वादाचं उत्तरही तिथेच मिळालं. वाचणार कोण म्हणून विचारत होतीस ना? मी वाचते. तेवढंच मला येतं, आणि ते तुझ्यापेक्षा चांगलं येतं. पण आता तपासायला माझ्यापुढे आणून टाकणारं कोण आहे?

शाई वाळेपर्यंत बाबा थांबले. मग त्यांनी वहीत करायचे तशी लाल पेन्सिलीने बरोबरची खूण केली, दोन्ही नावांपुढे, एकसारखी.

सोडवले: सुगंधा.
तपासले: नीलिमा.